खोली नाही म्हणे

वैशाख आला तो पेटूनच आला. आगाशिवाच्या डोंगराची पाठ उन्हाने भाजून निघाली, कृष्णेचं पात्र आक्रसत आक्रसत वाळूच्या कडेला जाऊन टेकलं, आणि कऱ्हाडच्या गल्ल्यांतून तप्तश्वास, रजोधूसर, निर्दय वारा दिवसभर फिरत राहिला. दुपार पांढरी झाली. रस्ता पांढरा, भिंती पांढऱ्या, आभाळही पांढरं. कुत्रीसुद्धा नळाखालच्या ओलीत जाऊन पडली होती.

अशा त्या पांढऱ्या दुपारी सोमवार पेठेतल्या एका घरात, खिडकीला ओली चादर लावून, नवराबायको दुसऱ्याच एका पांढऱ्याचा बेत करत बसली होती. बर्फाचा.

नवरा भालचंद्र गोसावी. जमीन मोजणीच्या खात्यात छत्तीस वर्षं काढलेला, दुसऱ्यांच्या बांधावरून साखळी ओढत चालून चालून पोटऱ्या दगडासारख्या झालेला, आणि आयुष्यात स्वतःसाठी म्हणून काही न मागितलेला माणूस. त्याला एकच हौस होती. एकदा बर्फ हातात घ्यायचा. "फ्रिजमधला नव्हे," तो म्हणायचा, "आभाळातून पडलेला." आणि म्हणून झालं की लगेच लाजायचा. साठी उलटलेल्या माणसाने बर्फाची गोष्ट करावी, हे त्याचं त्यालाच पोरकट वाटे.

बायको कुमुद. तिचे गुडघे जिन्याच्या चौथ्या पायरीला कुरकुरत, पण जीभ आणि डोकं दोन्ही धावती. नवऱ्याची हौस तिने मनावर घेतली आणि घराची छावणी करून टाकली. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर तिने हिमाचल काढला: इथे गाडी, इथे बस, इथे जीप, इथे पूल, पुलापासून नऊ तासांची चढण, आणि चढणीच्या शेवटी, बारा हजार फुटांवर, एक छोटा चौकोन. देवथाच. त्या बाजूला डोंगरमाथ्यावरच्या कुरणाला थाच म्हणतात. तिथे वाटसरूंसाठी दगडी भिंतींची, पाटीच्या दगडांनी शाकारलेली एक कुटी होती. तिच्यात रात्रभर मुक्काम, गरम डाळभात, जाड रजया. दुसऱ्या दिवशी उतरायचं.

त्या चौकोनात तिने लाल पेनने छोटीशी ज्योत काढली. मुक्कामाची खूण म्हणून.

"राहू दे गं कुमुद," भालचंद्र म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

"पुढचं वर्ष कुणी बघितलंय?" ती फटकन म्हणाली.

बोलून गेली बिचारी. घरोघरी बोलतात, तसंच बोलली. पण भिंतीवरची पाल नेमकी तेव्हाच चुकचुकली, आणि कुमुदने सवयीने जमिनीवर बोटं टेकवून 'कृष्ण कृष्ण' म्हटलं, आणि दोघंही हसली.

कुमुदचे गुडघे चढणीचे नव्हते, म्हणून सोबतीला दामोदर शेडगे जाणार होते. पलीकडच्या गल्लीत राहणारे, शाळेत पोरांना पी.टी. शिकवून निवृत्त झालेले, शिट्टीशिवाय ज्यांना बोलता येत नसे असे. त्यांची बायको शेवंता रोज दुपारी पदराने वारा घेत यायची आणि उंबऱ्यातूनच ओरडायची, "झालं का गं तुमचं इमान तयार?" तिला या बेतातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. नवऱ्याचा जुना स्वेटर तेवढा तिने धुऊन, वैशाखाच्या उन्हात वाळवून आणून दिला होता. तो हातात धरवत नव्हता इतका तापला होता.

राहता राहिली कुटी. कुटीच्या रखवालदाराचा नंबर कुमुदने शोधून काढला. केसरसिंह नाव. तिथल्याच, नदीपलीकडच्या गावात राहणारा, मोजकं बोलणारा, त्याहून मोजकं लिहिणारा. त्याला मेसेज कोण करणार, हा प्रश्नच नव्हता. कुमुद लहानपणी हिंदीच्या तीन परीक्षा पास झालेली. भाजीवाल्या भैयापासून टीव्हीवरच्या सासवांपर्यंत सगळ्यांची हिंदी तिला कळायची, आणि त्याचा तिला केवढा तोरा! "हातच्या काकणाला आरसा कशाला?" ती म्हणाली आणि चष्मा पुसून, एका बोटाने, शुद्ध आणि अदबशीर हिंदीत तिने लिहिलं: दो लोग, एक रात, अमुक तारीख.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. एकच ओळ.

"कुटिया अभी खोली नहीं है।"

"खोली नाही म्हणे," कुमुदने वाचून दाखवलं.

"मग?" भालचंद्राचा चेहरा उतरला.

"मग काय मग? स्वतंत्र खोली नाही. पडवीत झोपा सगळ्यांबरोबर. राजेमहाराजे का तुम्ही?"

आता थांबा जरा. मराठी माणसाला खोली म्हणजे काय हे सांगायला नको. चार भिंती, एक दार, दाराला कडी. मुंबईची हिंदीसुद्धा खोलीला खोलीच म्हणते. पण केसरसिंहाने मुंबई कधी पाहिली नव्हती. त्याच्या हिंदीत खोली म्हणजे उघडली. कुटी आम्ही अजून उघडलेली नाही, असं त्या भल्या माणसाने सरळ, स्वच्छ लिहिलं होतं. उघडायला तीन आठवडे होते.

त्या घटकेला, त्या पांढऱ्या दुपारी, बारा हजार फुटांवर देवथाच हिमनिद्रेत होतं. खिडक्यांच्या अर्ध्यापर्यंत बर्फ. छपरावर बर्फ. उंबऱ्यावर बर्फ. हिमधवल, हिममूक, हिमनिश्चल. आत रजयांची चळत, आत लाकडांचा ढीग, आत गावाशी बोलायचा एक वायरलेस, आणि बाहेर, अर्धवट हिमात बुडालेलं, तळहाताएवढं काळं कुलूप. वारा येई, कुलपाला हात लावून पाही आणि निघून जाई. तिथे दुसरं कुणीही नव्हतं.

कुमुदने उत्तर लिहिलं, "कोई बात नहीं। धन्यवाद।" केसरसिंहाने ते वाचलं, समजूतदार माणसं आहेत असं म्हणून मान हलवली, आणि किल्ली होती तिथेच खुंटीवर राहू दिली.

इकडे तयारीला ऊत आला. लोकरीचे मोजे आले, माकडटोप्या आल्या. वर दम लागला तर हुंगायला कापराची पुरचुंडी आली. धपाटे झाले, मेतकूट झालं, शेंगदाण्याचे लाडू झाले. शेडगे सरांनी पुतण्याचा तंबू मागून आणला होता. निळा, गुंडाळलेला, तरी सहा किलोंचा. त्यांनी तो अंगणात उभा करून दाखवला. आत बसून शिट्टीही वाजवली.

"हा कशाला?" कुमुद म्हणाली.

"असावा, वहिनी. डोंगराचं काय सांगता येतं?"

"डोंगरावर छप्पर आहे ना तुमच्यासाठी! पाहुण्याच्या घरी जाताना कुणी आपलं घर पाठीवर नेतं का? त्या ओझ्याने यांची पाठ जाईल."

सरांनी भालचंद्राकडे पाहिलं. भालचंद्राने बायकोकडे पाहिलं. छत्तीस वर्षं गावोगावच्या भांडणाऱ्या भावांमध्ये हद्दीचे दगड रोवलेला तो माणूस, घरात मात्र कुमुदने घातलेली रेघ त्याने कधी ओलांडली नव्हती. सरांनी आणलेला स्टोव्हही राहिला. तंबू कुमुदच्या पलंगाखाली गेला.

निघायच्या सकाळी वारा पडला होता. पान हलत नव्हतं. शेवंताने दोघांच्या हातावर दही घातलं, कुमुदने दोघांना कुंकू लावलं, आणि भालचंद्र नव्या बुटांत अवघडून उभा राहिला, शाळेच्या पहिल्या दिवशी मूल उभं राहतं तसा. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. म्हणाला एवढंच, "गॅस बंद करत जा रात्री." रिक्षा वळली. धूळ उठली, धूळ तरंगली, धूळ हळूहळू पुन्हा रस्त्यावर निजली. कुमुद दारातच उभी होती. तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी थंड हललं होतं. उन्हाने असेल, म्हणून ती आत गेली.

मग फोन येत राहिले. दिल्ली आली. बस लागली, सरांना उलटी झाली. थंडी वाजतेय. आज स्वेटर घातला. आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी, शेवटच्या गावातून, भालचंद्राचा आवाज आला तोच मुळी बदलून.

"कुमुद, दिसतोय गं."

"काय?"

"समोर आहे. सगळा डोंगर. आता ऊन उतरतंय त्याच्यावर, गुलाबी झालाय, अबोलीच्या गजऱ्यासारखा. उद्या हात लावणार मी त्याला." साठीचा तो माणूस रडत होता. "तू नसतीस तर आलो नसतो मी," तो म्हणाला. "पहाटे जीप पुलापर्यंत सोडेल. तिथून पुढे रेंज नाही. परवा खाली आलो की फोन करतो."

कुमुदने फोन ठेवला आणि देवापुढे साखर ठेवली. इतकं सुख तिला पेलवेना.

पहाटे अंधार असतानाच जीपने त्यांना पुलाशी सोडलं आणि ती परत फिरली. पुलाशी एक चहाची टपरी होती. फळ्या लावून बंद. "झोपला असेल चहावाला," सर म्हणाले. तो झोपला नव्हता. तो अजून वर आलाच नव्हता. दोघांनी काठ्या घेतल्या, आणि देवदारांच्या निबिड, नीलकृष्ण, जलगंधी छायेतून पायवाट वर वर निघाली. दोघं तिच्यामागून निघाले.

कऱ्हाडात त्या दिवशी सकाळी दहा वाजताच ऊन डोक्यावर आलं. शेवंता दुपारी यायची होती, तिला गाठिया आवडतात, म्हणून कुमुद पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या भंवरलालकडे गेली. भंवरलाल मारवाडचा, नुकताच गल्ल्यावर बसू लागलेला तरुण. शटर अर्धं वर होतं. तो आत वाकून अगरबत्ती लावत होता.

"अर्धा किलो गाठिया दे रे."

तो वळला, हसला, हात जोडून म्हणाला, "दस मिनट, माँजी। दुकान अभी खोली नहीं।"

कुमुद "बरं" म्हणाली. दोन पावलं चालली.

मग तिसरं पाऊल पडेना.

दुकान अभी खोली नहीं. तिने मागे वळून पाहिलं. अर्धं शटर. आतला अंधार. त्या अंधारात अगरबत्तीचा एक लाल ठिपका. दुकान अभी खोली नहीं. कुटिया अभी खोली नहीं. दुकान खोली नहीं. कुटिया खोली नहीं. एवढ्या रणरणत्या उन्हात तिचे हात गारठले, पिशवी गळून पडली, आणि भंवरलाल "माँजी, माँजी" करत धावत बाहेर आला. तिला तो दिसतच नव्हता. तिला कुलूप दिसत होतं, न पाहिलेलं.

गुडघे विसरून ती घरी धावली. नवऱ्याला फोन: संपर्क क्षेत्राबाहेर. सरांना फोन: संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा. पुन्हा. पुन्हा. मग केसरसिंहाचा नंबर. तो वाजत राहिला, वाजत राहिला, आणि शेवटी एका बाईने उचलला. त्याची बायको.

कुमुदची हिंदी त्या क्षणी तिला सोडून गेली. तीन परीक्षा, टीव्हीच्या सासवा, सगळं गेलं. "मेरे वो," ती म्हणाली, "वो ऊपर गए. आज. कुटिया में. बहनजी, आज!"

पलीकडून ती बाई हळू म्हणाली, "पर माँजी, कुटिया तो बंद है। चाबी यहीं टँगी है।" किल्ली इथेच टांगलेली आहे. आणि मग, स्वतःशीच बोलावं तसं, "ऊपर बादल भी है।"

केसरसिंह शेतावर होता. त्याला हाक गेली, तो आला, किल्ली कमरेला लावून, दोर खांद्यावर घेऊन निघाला. त्यांच्या बाजूने वाट जवळची, पण उभी. सात तास. तो माणूस असा चढतो की बकरी लाजावी, असं त्याच्या बायकोने सांगितलं. कुटीत पोचला की वायरलेसवर बोलेल, मी लगेच कळवीन, असंही सांगितलं.

तो दिवस कसा गेला ते विचारू नका. शेवंता आली. तिला सांगावं लागलं. कुमुदने सगळं सांगितलं. शब्द, मेसेज, स्वतःची चूक, काही लपवलं नाही. शेवंता ऐकून घेऊन म्हणाली, "व्हय, पण आत कुणी नसलं तर आपलं मालक दार मोडून आत जातील की! त्यांचा खांदा बघितलाय न्हवं तुम्ही?" आणि मग तिलाच ते खरं वाटेना, आणि ती भिंतीला टेकून बसली. तिने कुमुदला एक वाकडा शब्द बोलून दाखवला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं कुमुदला वाटलं.

ऊन सरकलं. पलंगाखाली तो निळा तंबू होता, आणि त्या खोलीत पाऊल टाकायची कुमुदची छाती होईना. खोली! आता तो शब्दही तिला मनातल्या मनात उच्चारवेना. चार वाजले. आता ते पोचले असतील. पाच वाजले. आता दारावर थापा मारत असतील. भालचंद्र काय म्हणाला असेल? "कुमुदने तर सांगितलं होतं," असं म्हणाला असेल. त्याचा विश्वास तिला ठाऊक होता, आणि तोच तिला आतून सोलत होता. सहा वाजले. आभाळ तांबूस झालं, जांभळं झालं, राखी झालं. हिमालयातली संध्याकाळ कशी असते ते तिला ठाऊक नव्हतं. इथली मात्र तशीच होती, दूधवाल्यांची, घंटांची, उदबत्त्यांची.

दिवा लावायला म्हणून ती उठली आणि फोन वाजला.

शेवंताने झेप घेतली. दोघींनी दोन बाजूंनी कान लावले. पलीकडून वाऱ्यासारखी खरखर, आणि त्या खरखरीतून त्या बाईचा आवाज, तुटत, बुडत, पुन्हा वर येत:

"माँजी... पहुँच गए वो... कुटिया खाली है..."

"खाली!" शेवंता किंचाळली. "अगं बया! खाली आली माणसं! खाली आली!" ती उठली, तिने देवापुढे दोन्ही हात जोडले, कपाळ जमिनीला टेकवलं, हसली, रडली, आणि "आधी तोंड गोड करायचं, मग बाकीचं," म्हणत स्वयंपाकघरात पळाली. डब्यांची झाकणं वाजली.

खाली. मराठीत केवढा सुखाचा शब्द! झाडावर चढलेलं पोर खाली येतं, गडावर गेलेला धनी खाली येतो. वरचं सगळं भय वर राहतं आणि माणूस खाली, आपल्यात, मातीवर येतो.

त्या बाईच्या हिंदीत खाली म्हणजे रिकामी.

या वेळी कुमुदला भंवरलालची गरज पडली नाही. या वेळी शब्द कानावर पडताक्षणी समजला, आरपार समजला.

"माँजी, सुन रही हैं?" आवाज पुन्हा वर आला. "ताला वैसा ही है। पाँव के निशान हैं बर्फ़ पर, आगे, ऊपर की तरफ़ गए हैं। बादल में रास्ता भूल गए होंगे। वो आवाज़ दे रहे हैं, ढूँढ रहे हैं। कोई जवाब नहीं है अभी। आप समझ गईं न?"

"जी," कुमुद म्हणाली. "समझ गई। सब समझ गई, बहनजी। उनसे कहिए, आवाज़ देते रहें। मेरे पति का नाम भालचंद्र है। नाम लेकर पुकारें।"

एकही चूक नाही. लिंग नीट, वचन नीट, क्रियापद नीट. आयुष्यात पहिल्यांदाच तिची हिंदी बिनचूक झाली होती.

शेवंता आली. ओंजळीत साखर, गालांवर पाणी, कपाळावर जमिनीची धूळ. "काय म्हणत हुती? कधी बोलत्याल म्हणं फोनवर?"

कुमुदने तिच्याकडे पाहिलं. सांगायलाच हवं होतं. जीभ टाळ्याला लागली, शब्द दातांपर्यंत आला. समोर ती बाई उजळून उभी होती, दिवसभराच्या भीतीतून सुटलेली, भोळी, बेभान, भाग्यवान. घटकाभर, कुमुदच्या मनात आलं. निदान घटकाभर तरी.

"बोलतील," ती म्हणाली.

"आ करा," शेवंता म्हणाली.

कुमुदने तोंड उघडलं. शेवंताने चिमूटभर साखर तिच्या जिभेवर ठेवली. बाहेर तिन्हीसांजेचा अंधार उतरत होता; अंगणात उतरत होता, नदीवर उतरत होता, आणि दूर कुठेतरी, बर्फावर, एका नावाच्या हाकांमागोमाग उतरत होता. आणि साखर गोड लागली. तिला थुंकायची होती, तिला ओरडायचं होतं, आणि साखर हळूहळू, कणाकणाने विरघळत राहिली, आणि गोड लागली.